गाणं बसवताना: सॉमरसेटचा माळी आणि जलालपूरची लेक

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे गाऊन दाखवलं होतं, तिथे इथे स्वर सांगितले आहेत.)

आजच्या भागाची सुरुवात आमच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमधून करतो. दर रविवारी संध्याकाळी आम्ही १९ जण तिथे जमतो आणि गातो. निवृत्त बँकवाले आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, कॉलेजची तीन-चार पोरं आहेत. एक पेटी, एक कीबोर्ड आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढंच आमचं वैभव. सगळे हौशी. भावगीतं गातो, भजनं गातो, देशभक्तीची गाणी गातो.

तर गेल्या वर्षी एकीने सुचवलं की 'स्कारबरो फेअर' बसवूया. तिचा मुलगा यॉर्कशायरमध्ये असतो, स्कारबरो तिथलंच. गाणं बहुतेकांनी ऐकलेलं होतं. मी उत्साहाने इंटरनेटवरून चार आवाजांची तयार अरेंजमेंट घेतली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, अशा चार ओळी. आमच्यात स्टाफ नोटेशन वाचणारे दोघंच. तीन रविवार झटलो. चौथ्या रविवारी बेसला बसवलेले एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, आम्ही तासभर नुसतं हूं हूं करतोय. गाणं कुठाय यात?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गाणं बसवतो म्हणजे आपण नेमकं काय करतो? आणि ते करताना काय निसटतं? म्हणून मी शोधायला लागलो, की ही लोकगीतं क्वायरसाठी पहिल्यांदा बसवली तरी कोणी, आणि त्यांना हा प्रश्न पडला होता का. पडला होता. आणि गंमत म्हणजे अगदी त्याच वर्षांत तो आपल्या महाराष्ट्रातही एकाला पडला होता. त्या माणसाचा धागा थेट गंगापूर रोडच्या पुढच्या टोकाला येऊन मिळतो. पण क्रमाने जाऊ.

गाणं कुणाचं?

'स्कारबरो फेअर' जगाला माहीत झालं ते पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांच्यामुळे, १९६६ मध्ये. पुढच्याच वर्षी 'द ग्रॅज्युएट' सिनेमात ते आलं आणि मग घरोघरी पोचलं. पण सायमनला ते मिळालं लंडनमध्ये, मार्टिन कार्थी नावाच्या इंग्रज लोकगायकाकडून. कार्थीने गिटारवर त्याची स्वतःची एक बांधणी केली होती. कार्थीकडे ते आलं इवन मॅककॉल आणि पेगी सीगर यांच्या संग्रहातून. आणि त्यांच्या संग्रहातलं रूप ज्याच्या तोंडून घेतलं होतं, तो होता मार्क अँडरसन, टीसडेल खोऱ्यातला, शिशाच्या खाणीत आयुष्य काढलेला एक निवृत्त कामगार.

त्याच्याही मागे गेलात तर गाणं शेकडो वर्षं मागे जातं. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ३०५ जुनी कथागीतं क्रमांक देऊन एकत्र केली. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गीताच्या कुळातलं हे गाणं. प्रेमिक एकमेकांना अशक्य कामं सांगतात, आपल्याकडच्या कोड्यांसारखी, की हे करून दाखव, मग मी तुझी.

आता बघा. गाणं कुणाचंच नाही, पण अरेंजमेंट मात्र कुणाची तरी असते. सायमनच्या रेकॉर्डवर कार्थीचं नाव आलं नाही, आणि त्याचं दुःख कार्थीला कित्येक वर्षं होतं. अखेर २००० मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात सायमनने त्याला मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. कार्थीचा तरी असा शेवट गोड झाला. मार्क अँडरसनचं नाव किती जणांना माहीत आहे?

माळीबुवांचं गाणं पियानोवर

आता आपण १९०३ मध्ये जाऊ. इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं समजा. तिथे हँब्रिज नावाचं खेडं. लंडनचे एक संगीतशिक्षक, सेसिल शार्प, तिथल्या पाद्री मित्राकडे, चार्ल्स मार्सन यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेले. बागेत बसले होते. माळी हिरवळ कापत होता आणि कापता कापता गात होता. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. हो, आडनावच इंग्लंड! गाणं होतं 'द सीड्स ऑफ लव्ह'.

शार्पनी वही काढली आणि चाल उतरवून घेतली. मग पियानोवर बसून तिला हार्मनी दिली, आणि त्याच संध्याकाळी चर्चच्या क्वायरच्या जेवणाच्या कार्यक्रमात मॅटी के नावाच्या गायिकेने ते गाणं पियानोच्या साथीवर म्हटलं. सकाळचा माळी संध्याकाळी श्रोत्यांत. तेव्हा कुणीतरी म्हणालं म्हणे, की या गाण्याने पहिल्यांदाच पार्टीचा सूट घातला. माळीबुवांना अभिमान वाटला, पण तो सूट काही त्यांना पूर्ण पटला नाही. त्यांच्या गाण्यात पियानो कधी नव्हताच ना!

पुढे शार्पनी आयुष्यभरात सुमारे ५,००० चाली गोळा केल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांच्यावर टीकाही झाली: शब्द सभ्य करण्यासाठी बदलले, गाणाऱ्यांपेक्षा गाण्यावर जास्त जीव लावला. त्या पहिल्या संध्याकाळी माळीबुवांना जे खटकलं होतं, तेच पुढे अभ्यासकांना खटकत राहिलं.

हौशी गळ्यांचा विचार

त्याच १९०३ च्या डिसेंबरमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स नावाचा तरुण संगीतकार एसेक्समधल्या इंग्रेव्ह गावी गेला आणि चार्ल्स पॉटिफर या म्हाताऱ्याकडून 'बुशेस अँड ब्रायर्स' ऐकून थक्क झाला. मग तोही गावोगाव हिंडायला लागला.

या माणसाबद्दल मला विशेष वाटतं ते वेगळ्या कारणाने. १९०५ मध्ये लंडनच्या दक्षिणेला, सरे काउंटीतल्या डॉर्किंगला लीथ हिल संगीत महोत्सव सुरू झाला. आसपासच्या गावांचे हौशी क्वायर यायचे, दिवसा एकमेकांशी स्पर्धा करायचे आणि संध्याकाळी सगळे मिळून एकत्र गायचे. आपल्याकडच्या भजन स्पर्धा आठवा, तसंच वातावरण. व्हॉन विल्यम्सनी हा महोत्सव १९०५ पासून १९५३ पर्यंत सांभाळला. जगभर नाव झाल्यावरही! म्हणजे हौशी गळा कुठे थकतो, कुठे बेसूर होतो, हे त्यांना जवळून माहीत होतं.

आणि १९०६ मध्ये 'द इंग्लिश हिम्नल' हे चर्चमधल्या उपासना गीतांचं पुस्तक आलं. संगीताची बाजू व्हॉन विल्यम्सकडे. त्या काळच्या चर्चमधल्या बऱ्याच चाली त्यांना गोडगोड, मेणचट वाटत. प्रस्तावनेत त्यांनी चाल निवडण्याचा प्रश्न संगीताइतकाच नीतीचा आहे, असा सूर लावला. मग त्यांनी काय केलं? शेतमजुरांच्या, खेडूत बायकांच्या चाली घेतल्या आणि त्यावर प्रार्थनेचे शब्द बसवले. शिवाय सगळ्या चालींची पट्टी मुद्दाम खाली ठेवली, कारण गाणारे साधे लोक होते, त्यांना वरचे स्वर झेपणार नव्हते.

यातली एक चाल त्यांना सरेमधल्या फॉरेस्ट ग्रीन या खेड्यात गारमन नावाच्या माणसाकडून मिळाली होती. आज जगभर नाताळात बेथलेहेमवरचं एक प्रसिद्ध गीत त्या चालीवर गातात. चालीचं नाव आहे 'फॉरेस्ट ग्रीन'. गावाचं नाव राहिलं. गारमन संग्राहकाच्या वहीतच राहिला.

तिसरं उदाहरण पर्सी ग्रेंजरचं. हा ऑस्ट्रेलियन. १९०५ मध्ये लिंकनशायरच्या ब्रिग गावात त्याने जोसेफ टेलर या सत्तरीच्या गायकाकडून 'ब्रिग फेअर' ऐकलं, आणि पुढच्या वर्षी ते क्वायरसाठी बसवलं. कसं? मुख्य गाणं एकाच पुरुष आवाजाला दिलं. क्वायरला बरंचसं काम शब्दांशिवाय गुणगुणण्याचं. म्हणजे आमचे काका म्हणाले तेच, हूं हूं. पण इथे हूं हूं खाली आहे आणि गाणं वर स्वच्छ ऐकू येतं. ग्रेंजर फोनोग्राफही घेऊन फिरायचा. त्यामुळे त्याच्या लक्षात आलं की हे म्हातारे गायक दरेक कडवं जरा वेगळं गातात. आणि हे वेगळेपण त्याने चूक मानलं नाही, कलेचा भाग मानलं. १९०८ मध्ये टेलर यांचा स्वतःचा आवाज ग्रामोफोन कंपनीने रेकॉर्डवर घेतला. तो आजही ऐकता येतो.

आता गंगापूर रोडने पुढे चला

या इंग्रज मंडळींचा भारताशी काही संबंध होता का? होता. गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली आणि १९०८ ते १९१२ या काळात ती क्वायरसाठी रचली. हाच होल्स्ट लंडनच्या मॉर्ली कॉलेजात कामगार-कारकुनांना संध्याकाळी गाणं शिकवायचा आणि इंग्रजी लोकगीतंही बसवायचा. आणि ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज, ज्यांनी भारतात हिंडून १९१४ मध्ये 'द म्युझिक ऑफ हिंदोस्तान' हा ग्रंथ लिहिला, त्यांनीच पुढे १९३३ मध्ये मॉड कार्पेलिस यांच्यासोबत सेसिल शार्पचं चरित्र लिहिलं. म्हणजे एकाच माणसाचा एक कान आपल्या रागांकडे आणि एक सॉमरसेटच्या माळ्याकडे!

पण मला जास्त जवळचं वाटतं ते दुसरं नातं. अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागा. कुसुमाग्रज स्मारक मागे टाका, आनंदवल्ली मागे टाका. पुढे गोदावरीच्या काठाला जलालपूर लागतं. आज तिकडे बंगले आणि लॉन्स झालेत. या जलालपुरात १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. ती म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. तिचं लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

आता त्यांच्यासमोरचा प्रश्न बघा. मिशनऱ्यांच्या प्रार्थनासभांमध्ये इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं इंग्रजी चालींवर गायली जात. आमच्या नाशकातही १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं शरणपूर होतंच. चाल परकी, आणि मराठी शब्द तिच्यात कोंबलेले. इंग्रजी छंद आघातावर चालतो, आपला छंद मात्रांवर. इंग्रजी चालीत मराठी ओळ घातली की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ अक्षर चेंगरतं, आणि गाणारा माणूस आपल्याच भाषेत पाहुण्यासारखा उभा राहतो.

टिळकांनी मग अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. शेकड्यांनी गीतं लिहिली, जी आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये गातात. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांनी रुजवली. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाई लग्नानंतर अक्षरं शिकल्या, त्यांनी!

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या आणि मी चमकलो. व्हॉन विल्यम्स आणि टिळक समकालीन. एकमेकांना ओळखत नव्हते. धर्माबद्दलची ओढही सारखी नव्हती, व्हॉन विल्यम्स तर फारसे श्रद्धाळू नव्हतेच. पण दोघांनी एकच गोष्ट ओळखली: साध्या माणसांनी एकत्र गायचं असेल तर चाल त्यांच्या अंगातली हवी. एकाने त्यासाठी शेतमजुराकडे कान लावला, दुसऱ्याने वारकऱ्याकडे.

मग आम्ही काय केलं?

हे सगळं वाचून मी आमच्या गटाकडे परत आलो. चार ओळींची अरेंजमेंट बाजूला ठेवली. पेटीवर नुसती चाल वाजवली आणि विचारलं, "कुठला थाट?" दोघं-तिघं एकदम म्हणाले, "काफी!" बरोबर. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. इंग्रज ज्याला डोरियन म्हणतात, तो आपला काफीचा सप्तक. इंग्रजी लोकगीतांमध्ये खमाज आणि आसावरीचे सप्तकही सापडतात. सुरुवात षड्जावर, तिथून थेट पंचमावर उडी. ठेका दादऱ्याचा. तासाभरात अख्खा गट गाणं गात होता. आधीच्या तीन रविवारांत जे झालं नाही, ते तासाभरात!

दोन खाचा मात्र सापडल्या. पहिली धैवताची. अख्ख्या कडव्यात शुद्ध धैवत जेमतेम एकदा येतो. तिथे कुणी नकळत कोमल लावला की काफीची आसावरी होते, आणि गाण्याचा चेहराच बदलतो. दुसरी निषादाची. कीबोर्डवाल्या पोराचा हात सवयीने शुद्ध निषादाकडे जायचा, कारण पाश्चात्त्य मायनर स्केलच्या कॉर्डमध्ये तो लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक अरेंजर्सनी हेच केलं होतं. खेडुताचा कोमल निषाद त्यांना चुकीचा वाटे, म्हणून ते तो 'सुधारून' घेत. शार्प आणि त्यांच्या पिढीने निदान एवढं ओळखलं की म्हातारा चुकत नाहीये, त्याचा सप्तकच वेगळा आहे.

पट्टी आम्ही पांढरी दोन धरली. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने, दोघांनाही आरामात. कागदावर भातखंडे पद्धतीने लिहिलं, कोमल स्वरांखाली रेघा मारून. इंग्लंडात हौशी गायकांसाठी सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी टॉनिक सोल्फा ही पद्धत घडवली होती. तिच्यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच कुठल्याही पट्टीवर सरकतो. म्हणजे हौशी माणसाची अडचण सगळीकडे तीच, आणि उपायही जवळपास तोच.

बांधणी अशी: पहिलं कडवं एकच आवाज, साथीशिवाय. दुसऱ्या कडव्यात सगळे चालीवर, खाली पुरुषांचा षड्ज-पंचम, तानपुऱ्यासारखा. तिसऱ्यात बायकांचा अर्धा गट चालीच्या वर एक साधी ओळ धरतो. शेवटी सगळे एकत्र, एकाच चालीवर. आमचे काका आता खालचा षड्ज धरतात आणि खुशीत असतात. "आता गाणं ऐकू येतंय," म्हणाले.

आणि एक ओवी

खरं तर मी इथेच थांबणार होतो. पण त्या दिवशी तालीम संपल्यावर आमच्यातल्या एक मावशी, वय सत्तरच्या पुढे, माहेर सिन्नरकडचं, सहज म्हणाल्या, "अशी चाल आमच्या आईची होती रे, जात्यावरची." आणि त्यांनी गाऊन दाखवली. चार-पाचच स्वर. हॉल शांत झाला. लगेच एक उत्साही मुलगा म्हणाला, "मावशी, याचीही अरेंजमेंट करू!"

मावशी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ती अशी ठरलेली नाही. आई रोज निराळं म्हणायची. आणि ती काही लोकांसमोर म्हणायची नाही. जात्याशी बोलायची ती."

मंडळी, मला त्या क्षणी हँब्रिजचा माळी आठवला. सूट घातलेलं आपलं गाणं ऐकणारा.

ओव्या जपायचं काम आपल्याकडे मोठ्या माणसांनी केलंय. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव ठेवलं. फॉरेस्ट ग्रीनच्या गारमनला जे मिळालं नाही, ते मावळातल्या बायांना मिळालं.

आम्ही ओवी बसवलेली नाही. अजून तरी नाही. मावशींना मी म्हटलं, तुम्हाला वाटेल तेव्हा आणि वाटेल तशी म्हणा, आम्ही खाली षड्ज धरतो, तोही हवा असेल तरच. त्या म्हणाल्या, विचार करते. दोन रविवारांनी त्यांनी एक कागद आणला. वर आईचं नाव, खाली आईचं गाव, मग आठवल्या तेवढ्या सात ओव्या. म्हणाल्या, "आधी हे लिहून घे. गायचं नंतर बघू."

तो कागद आता आमच्या फाइलमध्ये पहिला आहे. त्याच्यामागे 'स्कारबरो फेअर'चा कागद. त्याच्यावर मी पेनाने लिहून ठेवलंय: मार्क अँडरसन, टीसडेल.

तुमच्या घरात कुणाची अशी चाल असेल, आईची, आजीची, शेतावरच्या कुणाची, तर या आठवड्यात ती ऐकून घ्या. आणि नाव लिहा, गाव लिहा. बसवायचं की नाही ते सावकाश ठरवता येतं, पण ऐकायला उशीर झाला तर पुढचा प्रश्नच उरत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर गात राहा.